सराव चाचणीचा खरा अभ्यास चाचणी संपल्यावर

बारावी विज्ञानाच्या वर्षात दिवाळी उलटली की घराघरांत मॉक टेस्टची चर्चा सुरू होते. क्लासची टेस्ट सिरीज, मोबाइलवरचे ॲप, कॉलेजने घेतलेली चाचणी, मित्राने पाठवलेली पीडीएफ असे पर्याय इतके असतात की रोज एक सोडवली तरी संपणार नाहीत. मुलेही जिद्दीने सोडवतात. चाचणी संपली की गुण पाहतात, मित्रांचे गुण विचारतात, आनंद किंवा दुःख करून घेतात आणि दोन दिवसांनी पुढच्या चाचणीला बसतात. महिना-दीड महिना असा गेला की लक्षात येते, गुण पहिल्या चाचणीत होते तेवढ्याच्या आसपासच आहेत. मग ‘माझा अभ्यासच कच्चा आहे’ असा निष्कर्ष निघतो आणि मूल खचते.

बहुतेक वेळा अभ्यास इतका कच्चा नसतो. झालेल्या चाचणीतून जे शिकायचे, ते शिकून झालेले नसते. सराव चाचणी आपल्याला आपल्या चुका दाखवते. त्या चुका बसून पाहिल्या नाहीत, तर दहा चाचण्या दिल्या काय आणि पन्नास दिल्या काय, फरक पडत नाही. हा लेख महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. नीट किंवा जेईई मेन देणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

आधी परीक्षेचा आराखडा पाठ हवा

सराव कशाचा करायचा हे माहीत नसताना केलेला सराव वाया जातो. एमएचटी-सीईटी ही परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो, तो घेतो. परीक्षा संगणकावर होते. पीसीएम आणि पीसीबी असे दोन गट आहेत आणि दोन्हींच्या परीक्षा वेगवेगळ्या होतात.

पीसीएम गटात पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० असे १०० प्रश्न असतात, प्रत्येकी १ गुण. ती वेळ संपली की तो विभाग बंद होतो आणि गणिताचा विभाग उघडतो. गणिताला पुन्हा ९० मिनिटे, ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. एकूण गुण २००. पीसीबी गटात पहिला भाग तोच असतो आणि दुसऱ्या ९० मिनिटांत जीवशास्त्राचे १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

अभ्यासक्रम राज्य मंडळाचा. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर असतात. म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात प्रत्येकी १० प्रश्न अकरावीचे, तर जीवशास्त्रात २०. अकरावीची कोणती प्रकरणे आहेत, याची यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मिळते. ती छापून टेबलासमोर लावा. त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. कुणीतरी सांगितले म्हणून अख्खी अकरावी घोकणारी किंवा अख्खी सोडून देणारी मुले दरवर्षी असतात, आणि दोघांचेही नुकसान होते.

काठिण्यपातळीबद्दल सीईटी सेलचे धोरण असे आहे: गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र जेईई मेनच्या पातळीचे, तर जीवशास्त्र नीटच्या पातळीचे. पुस्तक मात्र बालभारतीचे. त्यामुळे पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ झाल्याशिवाय बाहेरच्या जाडजूड प्रश्नसंचाला हात लावण्यात अर्थ नाही. ही पुस्तके ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात.

आता शेजारच्या दोन परीक्षा. नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण आहेत. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीला १ गुण कापला जातो आणि उत्तरे कागदावरच्या ओएमआर शीटवर गोल भरून द्यायची असतात. जेईई मेनच्या बीई-बीटेकच्या पेपरात ७५ प्रश्न, तीन तास आणि ३०० गुण आहेत. तिथेही ४ गुण आणि चुकीला १ वजा, पण परीक्षा संगणकावर. तिन्ही परीक्षांचा वेग निराळा आहे. सीईटीच्या पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात आणि गणिताला १०८ सेकंद. नीटमध्ये एक मिनिट, जेईई मेनमध्ये जवळपास अडीच मिनिटे. म्हणून जेईईची चाचणी दिली की सीईटीचा सराव आपोआप झाला, असे समजू नका. जेईईच्या तयारीतून अवघड प्रश्न सोडवायची ताकद येते, पण ५४ सेकंदांत प्रश्न हातावेगळा करण्याची सवय सीईटीच्याच चाचणीतून लागते.

चाचणी देणे हाही अभ्यासच

‘अजून अभ्यासच झाला नाही, तर चाचणी कशाला देऊ?’ हा प्रश्न मुले नेहमी विचारतात. पूर्ण अभ्यासक्रमाची चाचणी लांबवायला हरकत नाही. पण प्रकरण झाले की त्यावर लगेच छोटी चाचणी द्यायलाच हवी, आणि यामागे भक्कम कारण आहे.

अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले. ते २००६ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एकदा वाचून झाल्यावर काही वेळा उतारा पुन्हा वाचायला दिला, तर काही वेळा पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचल्याचा फायदा दिसला. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. पुन्हा वाचलेला मजकूर सुमारे ४२ टक्के आठवला, तर आठवून लिहिलेला सुमारे ५६ टक्के.

यातून घ्यायचे ते साधे आहे. पुन्हा पुन्हा वाचल्याने ‘मला येते’ असे वाटते, पण स्वतःच्या डोक्यातून उत्तर बाहेर काढल्याने ते टिकते. पान समोर असताना प्रत्येक सूत्र ओळखीचे वाटते. चाचणीत पान समोर नसते, म्हणून तिथे खरी परिस्थिती कळते. ती जितकी लवकर कळेल तितके बरे.

कोणती चाचणी केव्हा

चाचण्यांचे तीन प्रकार करा. पहिली प्रकरण चाचणी: एका प्रकरणावर पंचवीस-तीस प्रश्न, अर्धा तास. ही अकरावीपासूनच सुरू व्हावी. कॉलेजात किंवा क्लासमध्ये प्रकरण संपले की त्याच आठवड्यात द्यावी. दुसरी गट चाचणी: चार-पाच प्रकरणे एकत्र किंवा एका विषयाचा अर्धा अभ्यासक्रम. ही बारावीच्या सहामाहीपासून महिन्यातून दोनदा पुरे. तिसरी पूर्ण चाचणी: खऱ्या परीक्षेसारखी सलग तीन तासांची.

पूर्ण चाचण्यांची घाई करू नका. जानेवारीत पूर्वपरीक्षा आणि प्रात्यक्षिके असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाची लेखी परीक्षा. त्या काळात मंडळाचा अभ्यास पुढे असू द्या. व्युत्पत्ती लिहिताना सूत्र कुठून आले हे नीट समजले, तर ते सीईटीतही कामी येते. मात्र आठवड्यातून एखादी प्रकरण चाचणी चालू ठेवा, म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांची सवय मोडत नाही. मंडळाचा शेवटचा पेपर झाल्यापासून सीईटीपर्यंत जो काळ मिळतो, तो पूर्ण चाचण्यांचा. त्या काळात आठवड्याला दोन किंवा फार तर तीन. एका दिवशी चाचणी, दुसऱ्या दिवशी तिची तपासणी, तिसऱ्या दिवशी सापडलेल्या कच्च्या प्रकरणांचा अभ्यास. हे चक्र मोडून रोज चाचणी देण्याचा मोह टाळा.

चाचण्यांसाठी फार पैसे मोजावे लागत नाहीत. परीक्षेआधी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मॉक टेस्ट उपलब्ध होते. ती द्याच, कारण खऱ्या परीक्षेचा पडदा कसा दिसतो हे तिथे कळते. जेईई मेन आणि नीटच्या मागील प्रश्नपत्रिका राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या, म्हणजे एनटीएच्या संकेतस्थळावर आहेत. एखादी चांगली टेस्ट सिरीज घेतली तर उत्तम, पण एकच घ्या. चार सिरीज विकत घेऊन चारही अर्धवट सोडण्यापेक्षा एकीतल्या पंधरा चाचण्या नीट तपासणे कितीतरी फायद्याचे.

तीन तास खऱ्या परीक्षेसारखे

अंथरुणात लोळत, मध्येच चहा पीत, मोबाइल वाजला की बघत दिलेली चाचणी ही चाचणी नव्हे. तिचे गुण खोटे आणि त्यातून काढलेले निष्कर्षही खोटे. पूर्ण चाचणीला बसताना काही गोष्टी काटेकोर पाळा.

सीईटी सकाळच्या आणि दुपारच्या सत्रांत होते. दोन्ही वेळांना सराव करा. दुपारी जेवल्यावर ज्याला झोप येते, त्याने तर मुद्दाम दुपारच्या चाचण्या जास्त द्याव्यात. हॉल तिकीट आले की शेवटच्या चाचण्या आपल्या सत्राच्या वेळेलाच द्या.

सीईटी आणि जेईईचा सराव संगणकावर करा. मोबाइलवर प्रश्न सरकवणे आणि मोठ्या पडद्यावर प्रश्न वाचून शेजारच्या कोऱ्या कागदावर आकडेमोड करणे यात फार फरक आहे. नजर सतत पडद्यावरून कागदाकडे आणि परत जाते, आकडा उतरवताना चुकतो. ही चूक सरावानेच जाते. घरी संगणक नसेल तर कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत शिक्षकांना विनंती करा. तीन-चार मित्रांनी मिळून विचारले तर बहुतेक ठिकाणी सोय होते. नीटवाल्यांनी उलट करावे. त्यांनी प्रश्नपत्रिका छापून घ्यावी, ओएमआरची कोरी प्रत घ्यावी आणि बॉलपेनने गोल भरत पेपर सोडवावा. १८० गोल भरायला वेळ लागतो, तोही त्याच तीन तासांत बसवायचा असतो.

कॅल्क्युलेटर नाही आणि लॉग टेबलही नाही. मंडळाच्या परीक्षेत लॉग टेबलची सवय झालेली मुले इथे अडखळतात. म्हणून मुळे, वर्ग, घन, नेहमीच्या कोनांच्या त्रिकोणमितीय किमती आणि लॉग २, लॉग ३ यांसारख्या किमती तोंडपाठ ठेवा. पाय वर्ग म्हणजे जवळपास १० असे अंदाज वापरायला शिका. चार पर्यायांत मोठे अंतर असेल तर दशांश चिन्हापुढे तीन घरे काढत बसायची गरज नसते. आधी पर्याय पाहा आणि मग किती अचूक गणित करायचे ते ठरवा.

वेळ कसा वाटायचा

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला मिळून ९० मिनिटे आहेत. दोन्हींना ४५-४५ मिनिटे देणे बहुतेकांना जमत नाही, कारण भौतिकशास्त्रात आकडेमोड जास्त असते. रसायनशास्त्र ३५ ते ४० मिनिटांत संपवायचे आणि उरलेली ५० ते ५५ मिनिटे भौतिकशास्त्राला द्यायची, ही वाटणी अनेकांना मानवते. तुम्हाला कोणती मानवते ते पहिल्या तीन-चार चाचण्यांत आलटून पालटून पाहा आणि मग एक पक्की करा. खऱ्या परीक्षेत नवा प्रयोग नको.

प्रत्येक विभाग तीन फेऱ्यांत सोडवा. पहिल्या फेरीत सर्व प्रश्न वाचायचे आणि वाचताच मार्ग दिसला तेवढेच सोडवायचे. वीस सेकंद विचार करून काही सुचले नाही, तर खूण करून पुढे जायचे. दुसऱ्या फेरीत खूण केलेल्या प्रश्नांवर परत यायचे. तिसरी फेरी शेवटच्या पाच मिनिटांची. तिच्यात एकही प्रश्न कोरा राहिलेला नाही याची खात्री करायची.

मुलांना पहिली फेरी सर्वांत जड जाते, कारण हातात घेतलेला प्रश्न अर्धवट टाकवत नाही. ‘एवढे केले आहे, आता उत्तर निघेलच’ असे म्हणत एका प्रश्नावर चार मिनिटे जातात. सीईटीच्या पहिल्या भागात चार मिनिटे म्हणजे चार प्रश्नांहून अधिक वेळ. अवघड प्रश्नाचाही एकच गुण आणि सोप्याचाही एकच. प्रश्न सोडून पुढे जाणे हे कौशल्य आहे आणि ते सराव चाचणीतच कमवावे लागते.

गणिताकडे विशेष लक्ष द्या. पीसीएममध्ये २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. पाच प्रश्न वाढले की दहा गुण वाढतात. इथे पाठ्यपुस्तकाच्या लांब पद्धतीने प्रत्येक प्रश्न सोडवून चालत नाही. विकल समीकरणाची उकल विचारली असेल, तर अनेकदा पर्यायांचे विकलन करून पाहणे लवकर होते. शून्यापासून पाय भागिले दोनपर्यंत, अंशात साइन आणि छेदात साइन अधिक कॉस असे निश्चित संकलन आले, तर गुणधर्म माहीत असलेला विद्यार्थी पेन न उचलता पाय भागिले चार असे उत्तर देतो. अशी युक्ती नुसती पाठ करू नका. ती का चालते हे एकदा पूर्ण लिहून पाहा, म्हणजे प्रश्न थोडा फिरवला तरी गोंधळ होणार नाही.

अंदाज कधी मारावा

सीईटीत चुकीला गुण जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. गणिताचे २० प्रश्न राहिले आणि चारपैकी एक पर्याय नुसता अंदाजाने निवडला, तरी सरासरीने पाच बरोबर येण्याची शक्यता असते, म्हणजे १० गुण. तरीही दरवर्षी मुले प्रश्न कोरे ठेवून उठतात, कारण शेवटच्या पाच मिनिटांचा सराव त्यांनी कधी केलेला नसतो.

नीट आणि जेईई मेनमध्ये हिशेब वेगळा. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर डोळे मिटून मारलेल्या अंदाजातून सरासरीने पाव गुणच हाती लागतो, आणि नशीब विरुद्ध गेले तर थेट नुकसान होते. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळले असेल, तर उरलेल्या दोघांतून निवडताना सरासरी फायदा दीड गुणाचा होतो. तिथे उत्तर द्यावे. सराव चाचणीत अंदाजाने दिलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कच्च्या कागदावर खूण करा. असे किती बरोबर आले आणि किती चुकले हे आठ-दहा चाचण्यांत मोजले की आपला अंदाज किती भरवशाचा आहे ते स्वतःलाच कळते.

तपासणीचा दिवस

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तीन तासांच्या चाचणीच्या तपासणीला किमान तीन तास द्या. उत्तरसूची उघडण्याआधी चुकलेले आणि राहून गेलेले प्रश्न घड्याळ न लावता स्वतः पुन्हा सोडवा. जे आता सुटले ते येत होते, परीक्षेत फक्त वेळ किंवा धीर कमी पडला. जे आताही सुटले नाहीत तिथे अभ्यास हवा. ही विभागणी झाल्याशिवाय लिहून दिलेली उत्तरे पाहू नका. ती वाचताना सगळेच सोपे वाटते.

मग प्रत्येक चूक पुढीलपैकी एका गटात टाका.

पहिला गट, संकल्पनाच माहीत नव्हती. असा प्रश्न दिसला की तो एक प्रश्न शिकून थांबू नका. पाठ्यपुस्तकातला तो अख्खा भाग वाचा आणि त्यावरचे आणखी पाच प्रश्न सोडवा.

दुसरा गट, माहीत होते पण आठवले नाही किंवा गल्लत झाली. भरीव दंडगोलाचे त्याच्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण एमआर वर्गाच्या निम्मे असते आणि पातळ पोकळ दंडगोलाचे पूर्ण एमआर वर्ग. घाईत या दोघांची अदलाबदल होते. रासायनिक गतिकीत शून्य कोटीच्या आणि प्रथम कोटीच्या अभिक्रियेतील वेगस्थिरांकाच्या एककांतही हेच होते. अशा जोड्या शेजारी-शेजारी लिहून ठेवा. गल्लत नेहमी जोडीतच होते, म्हणून उजळणीही जोडीने करा.

तिसरा गट, वाचण्यात किंवा आकडेमोडीत चूक. प्रश्नातले ‘चुकीचे विधान ओळखा’ हे शब्द नजरेतून सुटले, सेंटीमीटरचे मीटर करायचे राहिले, वजा चिन्ह गळले. मुले याला ‘सिली मिस्टेक’ म्हणतात आणि सोडून देतात. ही चूक क्षुल्लक समजू नका. चार-पाच चाचण्यांतल्या अशा चुका एकत्र मांडल्या की दिसते, तुमच्या त्या नेमक्या दोन-तीनच प्रकारच्या आहेत. कुणाची एकके चुकतात, कुणाची चिन्हे, कुणी प्रश्नाची शेवटची ओळ वाचत नाही. आपला प्रकार ओळखला की पुढच्या चाचणीआधी तेवढेच एक बंधन स्वतःला घाला: ‘आज प्रत्येक प्रश्नात एकके आधी लिहीन.’

चौथा गट, वेळ पुरला नाही. इथे चुकलेल्या प्रश्नाकडे पाहू नका, वेळ कुठे गेला ते शोधा. बहुतेक टेस्ट सिरीजमध्ये प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ दिसतो. ज्या प्रश्नांवर तीन मिनिटांहून अधिक गेली, त्यांची यादी करा.

पाचवा गट, अंदाजाने बरोबर आलेले प्रश्न. यांचे गुण मिळाले म्हणून आपण यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पण तपासणीच्या दृष्टीने हे चुकलेलेच आहेत. पुढच्या वेळी तोच प्रश्न आला तर उत्तर येईलच असे नाही.

यासाठी एक वेगळी वही करा. पानावर चार रकाने: प्रकरण, काय चुकले, का चुकले, बरोबर रीत एका ओळीत. प्रश्न पूर्ण उतरवून काढू नका, वेळ जातो. आठवड्याने वही उघडा, ‘बरोबर रीत’ हा रकाना झाका आणि स्वतःला विचारा. उत्तर आले तर टिक करा. दोन वेगवेगळ्या आठवड्यांत टिक आली की ती चूक गेली असे समजा. परीक्षेच्या आधल्या आठवड्यात नवे काही वाचण्यापेक्षा ही वही वाचा. ती सर्वस्वी तुमच्या चुकांवर लिहिलेली असते, बाजारात तशी मिळत नाही.

गुण, टक्के आणि पर्सेंटाइल

सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि अभियांत्रिकीच्या कॅप फेऱ्यांतले बहुतेक प्रवेश त्यावरच होतात. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एखादी थोडी अवघड, एखादी थोडी सोपी. म्हणून तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे शंभरात किती, हे काढले जाते. समजा एका सत्राला ४०,००० विद्यार्थी बसले आणि त्यातल्या ३६,००० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी आहेत, तर तुमचे पर्सेंटाइल ९०. तेव्हा तुमचे गुण २०० पैकी ९० टक्के असतीलच असे नाही. बहुधा बरेच कमी असतील.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पेपर अवघड निघाला म्हणून घाबरायचे कारण नाही, तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. आणि टेस्ट सिरीज जे पर्सेंटाइल दाखवते, ते त्या सिरीजच्या मुलांमधले असते. ते पाहून हुरळू नका आणि रडूही नका. आलेख ठेवायचाच असेल तर स्वतःच्या मूळ गुणांचा ठेवा, विषयवार ठेवा आणि एका चाचणीवरून नव्हे, तर चार-पाच चाचण्यांच्या कलावरून ठरवा.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीपासून इंग्रजी, असा प्रवास करणारी मुले राज्यात फार मोठ्या संख्येने आहेत. सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र इंग्रजी, मराठी आणि उर्दूत देता येते. गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. भाषा अर्ज भरतानाच निवडायची असल्याने हा विचार आधी करा. अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकला असाल, तर मराठीत पारिभाषिक शब्द अनोळखी वाटू शकतात. एक चाचणी एका भाषेत आणि दुसरी दुसऱ्या भाषेत देऊन पाहा, आकड्यांवरून ठरवा आणि मग सगळा सराव त्याच भाषेत करा.

इंग्रजी प्रश्न समजायला वेळ लागत असेल, तर त्याची लाज वाटू देऊ नका. ‘ॲट लीस्ट’, ‘ॲट मोस्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘नेग्लिजिबल’, ‘एक्सेप्ट’ असे प्रश्नपत्रिकेत पुन्हा पुन्हा येणारे शब्द शे-दीडशेच्या आतच असतात. प्रत्येक चाचणीतून अडलेले शब्द त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहा. महिन्याभरात वाचनाचा वेग वाढल्याचे स्वतःला जाणवेल.

आईवडिलांसाठी चार शब्द

चाचणी संपवून मूल खोलीबाहेर आले की ‘किती पडले?’ हा पहिला प्रश्न टाळा. ‘आज काय नवीन सापडले?’ असे विचारा. सराव चाचणीत कमी गुण पडणे ही वाईट बातमी नसते. खऱ्या परीक्षेच्या आधी चूक सापडली, हे चांगलेच झाले. गुणांवरून घरात बोलणी बसू लागली की मुले सोप्या चाचण्या शोधू लागतात, उत्तरे बघून सोडवू लागतात, कमी पडलेले गुण लपवू लागतात. मग सरावाचा हेतूच नाहीसा होतो.

त्या तीन तासांत घरात शांतता ठेवणे, पाहुण्यांना दुसरी वेळ देणे, तपासणीच्या दिवशी मुलाला दुसरे काम न सांगणे, एवढे केलेत तरी मोठी मदत होते. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना करू नका. त्याचा क्लास, त्याची प्रश्नपत्रिका आणि त्याची सुरुवात, तिन्ही वेगळी असतात. मूल रात्र-रात्र जागत असेल, जेवण टाळत असेल किंवा गप्प गप्प राहत असेल, तर चाचणी पुढे ढकला आणि आधी त्याच्याशी बोला. गरज वाटली तर समुपदेशकाची मदत घ्यायला कमीपणा मानू नका.

शेवटचा आठवडा

परीक्षेच्या आधी तीन-चार दिवस पूर्ण चाचण्या थांबवा. या दिवसांत चुकांची वही, सूत्रांची पाने आणि पाठ्यपुस्तकातल्या ठळक चौकटी एवढेच पाहा. शक्य असेल तर परीक्षा केंद्राचा रस्ता एकदा पाहून या, हॉल तिकीट आणि ओळखपत्र एका ठिकाणी काढून ठेवा आणि रात्री वेळेवर झोपा. परीक्षेच्या सकाळी मित्रांशी ‘तुझे काय झाले’ असल्या गप्पा नकोत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे आता दोन वर्षे असोत, सहा महिने असोत किंवा सहा आठवडे, सुरुवात एकाच ठिकाणाहून करा. याआधी दिलेली आणि गुण पाहून बाजूला ठेवलेली एखादी चाचणी आज काढा. तिच्यातले चुकलेले प्रश्न घड्याळ न लावता सोडवा, पाच गटांत वाटा आणि वहीचे पहिले पान भरा. नवी चाचणी त्यानंतरच द्या.